एअर इंडिया बिल्डिंग नेमकी कोणाची? सोलापुरातून सारखे येणारे प्रश्न

नरिमन पॉइंटला समुद्राच्या तोंडावर जी पांढरी उंच बिल्डिंग आहे ती सरकारनं घेतली हे कळल्यापासून आमच्या टॉवेल-चादरवाल्यांच्या ग्रुपवर तेच तेच प्रश्न येतायत. फाइलींच्या मागं मुंबईला पळायचं काम माझ्याकडं, त्यामुळं सगळे मलाच टॅग करतात, आणि दर वेळी तेच टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. ज्याला फक्त "मालक कोण" एवढंच पाहिजे त्यानं पहिलं उत्तर वाचावं आणि कामाला लागावं. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, मोठं आहे.

आता बिल्डिंग कोणाची आहे ते एका वाक्यात सांगा की

महाराष्ट्र सरकारची. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं विक्रीला मंजुरी दिली, रक्कम १,६०१ कोटी रुपये. टाटांची नाही, अदानींची नाही, एलआयसीची पण नाही.

अण्णा, एअर इंडिया तर टाटांनी घेतली ना? मग बिल्डिंग सरकारकडं कशी?

हा प्रश्न आठवड्यातनं एकदा तरी येतोच. टाटांनी घेतली ती विमान कंपनी. म्हणजे विमानं, रूट, परदेशातल्या विमानतळांवरचे उतरायचे स्लॉट, माणसं आणि नाव. ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटांच्या टॅलेस नावाच्या कंपनीची १८,००० कोटींची बोली पास झाली, त्यातले रोख फक्त २,७०० कोटी आणि उरलेलं १५,३०० कोटींचं कर्ज त्यांनी अंगावर घेतलं, आणि २७ जानेवारी २०२२ ला ताबा मिळाला. जमिनी आणि बिल्डिंगा या सौद्यात नव्हत्याच. त्या आधीच बाजूला काढून एआय अ‍ॅसेट्स होल्डिंग लिमिटेड नावाच्या सरकारी कंपनीत टाकल्या होत्या.

का टाकल्या? कारण कर्ज. ऑगस्ट २०२१ अखेर एअर इंडियावर ६१,५६२ कोटींचं ओझं होतं, त्यातले १५,३०० टाटांनी उचलले म्हणल्यावर खाली राहिले ४६,२६२ कोटी, ते कोण फेडणार? ते या होल्डिंग कंपनीच्या गळ्यात, आणि फेडायला म्हणून तिच्याच हातात या जागा-बिल्डिंगा, की विका आणि भरा. म्हणजे नरिमन पॉइंटची बिल्डिंग विकून कोणी मजा मारली नाही, जुनं देणं थोडं हलकं झालं एवढंच. आणि १,६०१ कोटी हे ४६ हजार कोटींपुढं किती, ते तुमचं तुम्हीच बघा.

पहिल्यापासून मालक कोण कोण झाले ते क्रमानं सांगता का? पेपरमधे दर वेळी वेगळं नाव असतं

नावं वेगळी दिसतात कारण आपण तीन गोष्टी एकत्र कालवतो. जमीन कोणाची, भिंती कोणाच्या, आणि वर पाटी कोणाची. या बिल्डिंगमधे तिन्हीची उत्तरं वर्षानुवर्षं वेगळी होती.

जमीन पहिल्यापासून राज्य सरकारची. समुद्रात भराव टाकून काढलेली जागा, ती भाडेपट्ट्यानं दिली. त्यावर १९७४ मध्ये बिल्डिंग उभी राहिली, तेव्हा एअर इंडिया ही कंपनी नव्हती, १९५३ च्या कायद्यानं राष्ट्रीयीकरण होऊन झालेलं महामंडळ होतं, आपल्या एसटीसारखं. गंमत म्हणजे मालक केंद्र सरकार आणि चेअरमनच्या खुर्चीत कोण तर जेआरडी टाटा, ज्यांनी मुळात १९३२ ला ही एअरलाइन काढली. १९७८ पर्यंत ते होते, मग मोरारजी सरकारनं काढलं. म्हणजे टाटांनी सुरू केलेल्या एअरलाइनचं हे हेडऑफिस टाटाच चेअरमन असताना बांधून झालं, पण टाटांच्या मालकीचं एक दिवस पण नव्हतं.

१९९४ ला तो जुना कायदा रद्द झाला आणि महामंडळाची एअर इंडिया लिमिटेड कंपनी झाली. २००७ ला इंडियन एअरलाइन्सबरोबर विलीनीकरण, आणि कागदावर मालकाचं नाव झालं नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया. हे नाव कोणाच्या तोंडात बसलं नाही, २०१० मध्ये परत एअर इंडिया लिमिटेड केलं. २०१३ ला हेडऑफिस दिल्लीला गेलं, म्हणजे पाटी राहिली आणि माणसं गेली. मग होल्डिंग कंपनी, आणि २०२४ ला राज्य सरकार. एवढे सगळे बदल झाले पण खरेदीखत म्हणावं असा सौदा एकच, शेवटचा. बाकी सगळा एकाच घरातल्या खात्यांचा खेळ.

जमीन जर राज्य सरकारचीच होती तर सरकारनं विकत काय घेतलं? आपलीच वस्तू आपण घेतली का?

एकदम बरोबर जागी बोट ठेवलं तुम्ही. घेतलं काय तर वरची बिल्डिंग आणि भाडेपट्ट्याचा उरलेला हक्क.

ज्यांच्या घरात वर्ग २ ची जमीन आहे त्यांना हे लगेच कळेल. सातबारावर भोगवटादार वर्ग २ लिहिलेलं असतं, म्हणजे कसणारे तुम्ही, वापरणारे तुम्ही, पण शासनाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि परवानगी मिळाली तरी किंमत वाढल्यामुळं जो फायदा झाला त्यातला मोठा हिस्सा शासनाला भरायचा. त्याला तलाठी ऑफिसात अनर्जित रक्कम म्हणतात, बोलीत नजराणा. तर्क सोपाय, जमीन सरकारनं स्वस्तात दिली, भाव वाढला तो तुमच्या मेहनतीनं नाही तर आजूबाजूला शहर वाढलं म्हणून, मग त्या वाढीत सरकारचा वाटा पाहिजे. नरिमन पॉइंटला जमीन सातबाऱ्यावरची नाही, भाडेपट्ट्याची आहे, पण तत्त्व तेच.

तर एअर इंडियाकडं अशी अनर्जित रक्कम आणि तिच्यावरचं व्याज धरून राज्याचं २९८.४२ कोटी येणं होतं. हा सौदा होताना राज्यानं ते माफ केलं. बातम्यांमधे १,६०१ चा आकडा मोठ्या अक्षरात आणि ही माफी शेवटच्या परिच्छेदात होती, त्यामुळं बऱ्याच जणांच्या नजरेतनं सुटली.

मग हिशोबानं महाग पडली की स्वस्त? आमच्या इथं पानटपरीवर रोज भांडणं होतायत यावरनं

भांडायच्या आधी आकडे मांडा. राज्याला मिळालेली जागा ४६,४७० चौरस मीटर, म्हणजे साधारण ५ लाख चौरस फूट. १,६०१ कोटी भागिले ५ लाख, म्हणजे फुटाला ३२,००० च्या आसपास. आता सोडून दिलेले २९८.४२ कोटी पण खर्चात धरा (मी तर धरतोच, येणं सोडणं म्हणजे पैसे देणंच झालं), तर एकूण १,८९९.४२ कोटी, आणि भाव जातो फुटाला ३८,००० च्या जवळ.

सोलापुरात हा आकडा ऐकून चहा नाकातनं येतो, मला माहितेय. जुळे सोलापूरमधे फ्लॅट घेणाऱ्या माणसाला हे पचणारच नाही. पण मंत्रालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर, समोर समुद्र, एका हाती पाच लाख फूट जागा, असं दुसरं काही मुंबईत मोकळं पडलेलं नाही. माझं मत विचाराल तर भाव ठीक आहे, उशीर जास्त झाला. २०१८ मध्ये एअर इंडियानं बिल्डिंग विकायला काढली तेव्हाच राज्यानं १,४०० कोटींची तयारी दाखवली होती. एलआयसी रांगेत होती, जेएनपीटीचं (न्हावाशेव्याचं सरकारी बंदर) नाव पण चाललं होतं. तेव्हा जमलं नाही. मग नोव्हेंबर २०२३ ला राज्य मंत्रिमंडळानं १,६०१ कोटी मान्य केले. मधल्या काळात मंत्रालयाची खाती इकडं तिकडं भाड्याच्या जागेत होती, ते भाडं वेगळं.

मधल्या काळात आत कोण होतं? रिकामीच होती का?

नाही ओ. २०१३ नंतर एअर इंडियानं मजले भाड्यानं दिले. स्टेट बँक होती, टीसीएस होती, केंद्राची टॅक्सवाली ऑफिसं होती. टीसीएस म्हणजे टाटांचीच कंपनी, म्हणजे टाटा त्या काळात एअर इंडियाचे भाडेकरू होते असं म्हणायला हरकत नाही. पुढं राज्याचा हट्ट हाच होता की भाडेकरू असलेली बिल्डिंग आम्हाला नको, रिकामी करून द्या. बरोबरच आहे, भाडेकरूसकट वाडा घेतला की काय होतं ते आपल्या नव्या पेठेतल्या कोणालाही विचारा.

डिझाइन कोणी केलं? आपल्याकडचा आर्किटेक्ट होता का?

जॉन बर्जी, न्यूयॉर्कचा. फिलिप जॉन्सन आणि बर्जी या जोडीची फर्म होती, १९६७ पासून बरोबर. जॉन्सन म्हणजे लई मोठं नाव, आर्किटेक्चरमधलं नोबेल म्हणतात ते प्रित्झकर पारितोषिक १९७९ मध्ये पहिल्यांदा दिलं तेच मुळी त्याला. अमेरिकेत या जोडीनं ऑफिसांच्या टॉवरचा धडाका लावला होता, मिनियापोलिसला आयडीएस सेंटर, ह्यूस्टनला पेन्झॉइल प्लेस, आणि न्यूयॉर्कला १९८४ चं ते एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचं हेडऑफिस ज्याच्या डोक्यावर जुन्या लाकडी कपाटासारखी कमान आहे आणि ज्याच्यावरनं तिकडं भरपूर शिव्या पण पडल्या.

मुंबईत जॉन्सनची आणखी एक वस्तू अगदी शेजारीच आहे, एनसीपीए या नाटक-संगीताच्या केंद्राचं टाटा थिएटर, १९८० चं. म्हणजे नरिमन पॉइंटच्या एका टोकाला पाच-सात मिनिटं चाललं की दोन्ही बघून होतात. एक्स्प्रेस टॉवर्स पण तिथंच, ती जोसेफ स्टाइनची, तोही अमेरिकन पण १९५२ ला भारतात आला आणि पुढचं सगळं करिअर इथंच काढलं.

त्या एटी अँड टीच्या बिल्डिंगचं पुढं काय झालं हे वाचण्यासारखं आहे. ज्या कंपनीनं हौसेनं बांधली ती दहा वर्षं पण नीट राहिली नाही. मग सोनीनं आधी भाड्यानं घेतली, २००२ ला विकत घेतली, २०१३ ला १.१ अब्ज डॉलरला विकून टाकली, आणि २०१६ ला ती सौदीच्या ओलायन ग्रुपकडं गेली. आता तिला कंपनीचं नावच नाही, नुसता रस्त्याचा नंबर, ५५० मॅडिसन. त्यामुळं आपल्याकडंच असं होतं असं समजू नका. कंपनी आपल्या नावाची बिल्डिंग बांधते तेव्हा तिला वाटतं शंभर वर्षं इथंच बसणार, आणि बिल्डिंग कंपनीपेक्षा जास्त टिकते.

किती मजली आहे? कुठं २२ लिहितात कुठं २३

२३ जास्त ठिकाणी आहे, सरकारी सौद्याच्या बातम्यांत २२ यायचं. तळमजला धरायचा का नाही यावरनं असले घोळ प्रत्येक बिल्डिंगचे होतात. खाली तळघर आहे ते वेगळं.

समुद्रात भराव टाकलेल्या जागेवर एवढी उंच बिल्डिंग कशी टिकते? खचत नाही का?

ती भरावावर उभीच नाहीये, भरावातनं आरपार जाऊन खालच्या खडकावर उभी असते. भराव म्हणजे माती, मुरूम, समुद्रातनं उपसलेला गाळ, त्याच्यावर रस्ता चालतो, बाग चालते, दोन मजली घर कसंबसं चालेल. टॉवरचं वजन त्याला झेपत नाही, तो दबतो आणि सगळीकडं सारखा दबत नाही, म्हणून बिल्डिंग एका बाजूला कलते. म्हणून पाया खोल नेऊन खडकाला टेकवतात. मुंबईच्या खाली आपल्यासारखाच काळा पाषाण आहे, बेसॉल्ट. सोलापुरात विहीर खणताना जो लागला की खणणारा कपाळावर हात मारतो तोच, इथं मात्र तो लागला की इंजिनियर खूश.

खरी डोकेदुखी तळघराची. समुद्राच्या पाण्याची पातळी बाहेर आणि तुमच्या गाड्या त्याच्या खाली, त्यामुळं पाणी भिंतीतनं आत घुसायला बघतं आणि खालनं वर पण ढकलतं. वॉटरप्रूफिंग एकदा गेलं की पंप लावून बसा.

आणि खारं वारं?

ते तर बिल्डिंगला हळूहळू खातं. समुद्राच्या हवेतलं मीठ, म्हणजे त्यातलं क्लोराइड, काँक्रीटच्या बारीक छिद्रातनं आत जातं आणि सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून आतनं दाब येतो, आधी बारीक उभी चीर पडते, मग प्लास्टर फुगतं, ठोकलं की पोकळ आवाज येतो आणि एक दिवस ढलपा खाली पडतो. मरीन ड्राइव्हच्या कुठल्याही जुन्या बिल्डिंगच्या बाल्कनीखाली मान वर करून बघा, उघडी लाल सळई दिसेल. सोलापुरात पन्नास वर्षांचं काँक्रीट कोरड्या हवेत आरामात उभं राहतं, समुद्रावरचं पन्नास वर्षांचं काँक्रीट म्हणजे सतत दवाखान्यात असलेला माणूस. म्हणून विकत घेतल्याचे पैसे हा पहिला खर्च, दुरुस्तीचे पुढं आहेतच. पन्नास वर्षांपूर्वीची वायरिंग, लिफ्ट, एसी, आग विझवायची व्यवस्था, हे सगळं आजच्या नियमात बसवायचं म्हणजे गंमत नाही.

नरिमन म्हणजे कोण? बिल्डर होता का?

अजिबात नाही, उलट होता! खुर्शीद फ्रामजी नरिमन, पारशी वकील, काँग्रेसचे पुढारी, १९३५-३६ ला मुंबईचे महापौर. झालं असं की १९२० च्या आसपास गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात बॅकबे, म्हणजे मरीन ड्राइव्हसमोरचा समुद्र, भरायची अवाढव्य योजना निघाली. पैसा पाण्यासारखा गेला आणि भराव पण पाण्यातच गेला, कारण भिंतीतनं गाळ परत समुद्रात वाहून जायचा. नरिमननी कौन्सिलमधे आणि बाहेर हा सगळा गैरकारभार उघडा पाडला, योजनेतल्या हार्वी नावाच्या इंजिनियरनं त्यांच्यावर अब्रुनुकसानीची केस घातली, आणि नरिमन त्यातनं निर्दोष सुटले. त्या योजनेला लॉइडचा मूर्खपणा असंच नाव पडलं होतं.

आणि ज्यानं भरावातला भ्रष्टाचार बाहेर काढला त्याचंच नाव त्याच बॅकबेच्या पुढच्या भरावाला दिलं. नरिमन पॉइंटचे टॉवर सगळे स्वातंत्र्यानंतरचे, साठ-सत्तरच्या दशकातले, नरिमन १९४८ लाच गेले, त्यांनी यातलं काहीच बघितलं नाही. माझ्या मते मुंबईतल्या नामकरणातलं हे सगळ्यात भारी नामकरण आहे, मुद्दाम केलं असेल तर हॅट्स ऑफ आणि चुकून झालं असेल तर अजून भारी.

१९९३ ला तिथं बॉम्बस्फोट झाला होता का? बाबा सांगतात

हो, बाबा बरोबर सांगतात. १२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमाराला पहिला स्फोट शेअर बाजारात आणि पुढच्या दोन-सव्वादोन तासांत मुंबईभर एकामागनं एक. एअर इंडिया बिल्डिंगमधे गाडीत ठेवलेला बॉम्ब फुटला, २० माणसं गेली, वरच्या बाजूला असलेलं बँक ऑफ ओमानचं ऑफिस उद्ध्वस्त झालं. त्या दिवशी सगळ्या मुंबईत मिळून २५७ माणसं गेली.

बिल्डिंग कशी वाचली असं विचारतात. असल्या टॉवरमधे वजन भिंतींवर नसतं, आरसीसीच्या खांबांच्या आणि तुळयांच्या सांगाड्यावर असतं. स्फोटात काचा, पडद्या, छत उडून जातं, पण मुख्य खांब शाबूत राहिले तर वरचे मजले खाली येत नाहीत. तळघरात गाडी नेताना आज जी तपासणी होते, आरसा फिरवून खालनं बघतात, त्या सगळ्या तपासणीच्या मागं हा दिवस आहे, त्यामुळं तिथं गार्डशी हुज्जत घालू नका.

वर धनुष्यवाला अर्धा घोडा होता तो कोण? आणि महाराजा कुठं गेला?

तो सेंटॉर, कमरेखाली घोडा आणि वर माणूस, हातात धनुष्य. धनु राशीचं चिन्ह. एअर इंडियाचा जुना लोगो तो. विमानतळाजवळच्या सेंटॉर हॉटेलाचं नाव पण त्यावरनंच. २००७ ला विलीनीकरण झालं तेव्हा त्याच्या जागी उडता हंस आणि त्यात कोणार्कचं चक्र आलं. महाराजा हा लोगो नाही, ते शुभंकर, १९४६ ला एअर इंडियाच्याच बॉबी कूका यांच्या डोक्यातनं आलेलं. दोघांची लोक सारखी गल्लत करतात.

एअर इंडियाकडं भारी भारी पेंटिंग होती म्हणे, ती पण सरकारनं घेतली का?

राज्यानं नाही. त्यांचा चित्रांचा आणि कलावस्तूंचा मोठा संग्रह होता, तो केंद्राच्या सांस्कृतिक खात्याकडं, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडं गेला. एकेकाळी एअर इंडियानं साक्षात साल्वादोर दाली या जगप्रसिद्ध स्पॅनिश चित्रकाराकडनं अ‍ॅशट्रे बनवून घेतले होते, १९६७ ची गोष्ट, आणि त्यानं मोबदला म्हणून हत्तीचं पिल्लू मागितलं. दिलं पण! तेव्हा कंपनीचा थाट तसा होता, ही बिल्डिंग त्याच थाटातली आहे.

सरकारला मंत्रालय पुरत नाही का? केवढं मोठं आहे ते

आपल्याला पास काढून आत गेल्यावर मोठं वाटतं. १९५५ ची इमारत, आधी नाव सचिवालय, १९७५ ला मंत्रालय केलं. ती बांधली तेव्हा खाती किती होती आणि आता किती. त्यात २१ जून २०१२ ला आग लागली, चौथ्या मजल्यावरनं सुरू होऊन वरचे मजले जळाले, पाच माणसं गेली आणि फाइली किती गेल्या याची चर्चा तर अजून चालते. त्यानंतर खाती विखुरली ती विखुरलीच. एका फाइलीवर दोन खात्यांच्या सह्या लागत असतील आणि ती खाती दोन वेगळ्या बिल्डिंगमधे असतील तर सोलापूरवरनं गेलेल्या माणसाचा दिवस नुसता टॅक्सीत जातो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मग आता आमच्या वस्त्रोद्योगाच्या फाइली तिकडं जाणार का?

ग्रुपवर कोणी काय फॉरवर्ड केलंय त्यावर जाऊ नका. कुठलं खातं कुठं बसणार ते शासन निर्णयातनं कळतं, आणि खात्याच्या पत्रावर वर पत्ता छापलेला असतो तो बघा. निघायच्या आदल्या दिवशी कक्ष अधिकाऱ्याच्या ऑफिसला फोन करून मजला आणि दालन नंबर विचारून घ्या. मंत्रालयात जायचं असेल तर डिजिप्रवेश या सरकारी अ‍ॅपवर नोंदणी घरूनच करून ठेवा, सकाळी दहाला गेटवर उभं राहून काही होत नाही, सामान्य माणसाला दुपारनंतरच सोडतात.

सोलापूरवरनं कसं जायचं?

सिद्धेश्वर एक्स्प्रेस, अजून काय. रात्री बसा, सकाळी सीएसएमटी. फ्रेश व्हायचं तिथंच उरकून घ्या. तिथनं आधी बस किंवा टॅक्सी लागायची, आता भुयारी मेट्रो ३ आहे, सीएसएमटीवरनं बसायचं, हुतात्मा चौक, चर्चगेट आणि मग विधान भवन स्टेशन, तिथं उतरून चालत. वंदे भारत पण आहे पण ती पोचेपर्यंत ऑफिसची लंच होते, त्यामुळं एका दिवसात काम उरकायचं असेल तर सिद्धेश्वरच. परत येताना पण तीच, म्हणजे लॉजचा खर्च वाचतो.

नरिमन पॉइंटची आता पूर्वीसारखी क्रेझ राहिली नाही म्हणतात, खरं का?

खरंय. १९९५ च्या आसपास इथलं ऑफिसचं भाडं जगातल्या सगळ्यात महागड्यांत होतं. मग नॅशनल स्टॉक एक्स्चेंज, सेबी, बँकांची हेडऑफिसं, हिऱ्यांचा बाजार, सगळं हळूहळू वांद्रे-कुर्ला संकुलात गेलं, कारण तिथं मोठे सलग मजले, पार्किंग आणि उपनगरात राहणाऱ्या नोकरदारांना जवळ. नरिमन पॉइंट म्हणजे मुंबईचं दक्षिण टोक, पुढं समुद्र, तिथं पोचायला रोज आख्खं शहर ओलांडायचं. खाजगी कंपन्या गेल्या म्हणून तर सरकारला एवढी जागा एका जागी मिळाली.

आपल्या सोलापुरात अशी ऑफिसची उंच बिल्डिंग कधी होणार?

कशाला पाहिजे? उंच टॉवर जागा नसल्यामुळं होतात, हौस म्हणून नाही. मुंबईला तीन बाजूंनी पाणी आहे, आपल्याला चारी बाजूंनी रान आहे. आणि कोणीतरी थाटानं बांधलेली वास्तू पुढं सरकारी ऑफिस होणं हे आपल्याकडं आधीच झालंय की. इंद्रभुवन काय आहे? आप्पासाहेब वारदांनी बांधलेला महाल, तो नक्षीकामाचा दर्शनी भाग, त्या कमानी, त्या गॅलऱ्या, आणि आत आज महापालिका. घरपट्टी भरायला गेलेला माणूस डोकं वर करून बघत पण नाही. जाल तेव्हा बघा एकदा, एअर इंडिया बिल्डिंगपेक्षा मला ती कधीही जास्त आवडते, आणि हे मी सोलापूरचा म्हणून सांगत नाहीये. बरं, थोडं त्यामुळंच.

जागतिक वारसा यादीत ही बिल्डिंग आहे का? मरीन ड्राइव्हला युनेस्कोनं घेतलंय ना?

२०१८ ला युनेस्कोनं घेतलं ते ओव्हल मैदानाभोवतीच्या जुन्या गॉथिक इमारती आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती. सत्तरच्या दशकातले टॉवर त्यात नाहीत. आपल्याकडं सत्तर सालच्या काँक्रीटला जुनं म्हणून मान द्यायची सवय अजून लागलेली नाही, न्यूयॉर्कनं मात्र त्या ५५० मॅडिसनला २०१८ लाच संरक्षित वास्तू करून टाकलं, चौतीस वर्षांची असताना.

वर गच्चीवर जाऊन समुद्र बघता येतो का? पोरांना घेऊन चाललोय

नाही, ते ऑफिस आहे, बघायची जागा नाही. पोरांना संध्याकाळी एनसीपीएच्या टोकाला कट्ट्यावर बसवा, तिथनं आख्ख्या मरीन ड्राइव्हचा वळसा फुकट दिसतो आणि पाठीमागं वळलं की बिल्डिंग पण दिसते. भेळवाल्याला आधी भाव विचारा.